वार एक, बाळे दोन

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिकात सोनोग्राफीवर लेख कशासाठी, असे संपादक मंडळातील एका सरांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. दहावीनंतर विज्ञानाचा आणि माझा संबंध सुटला, आणि तो सुटला याचा मला आनंदच झाला होता. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात असा प्रसंग आला, की काही महिने मानसशास्त्राच्या टिपणांपेक्षा सोनोग्राफीचे अहवालच मी अधिक वाचले. डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून आणि दादाशी वाद घालून जे काही उमगले, ते माझ्यासारख्याच विज्ञानापासून दूर पळालेल्या वाचकांसाठी लिहिते आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या पाळणा हलणार आहेच.

वहिनीला दिवस गेले आणि सातव्या आठवड्यात आमच्या घणसोलीच्या घराजवळ एका दवाखान्यात तिची पहिली सोनोग्राफी झाली. अहवालात ‘जुळे, दोघांचेही ठोके आहेत’ एवढेच लिहिले होते. घरात पेढे आले. आजी म्हणाली, “जावळी हायेत म्हंजे पालणे पन दोन लागतील.” आणखी काही विचारावे, असे आम्हां कोणाच्याही मनात आले नाही. काय विचारायला हवे होते, ते तेराव्या आठवड्यात वाशीच्या एका सोनोग्राफी केंद्रात कळले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी जुना अहवाल उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “वार एक आहे की दोन, हे तुम्हांला कोणी सांगितलंय का?”

कोणीच सांगितले नव्हते. आणि जुळ्यांच्या बाबतीत पुढचा सगळा हिशोब या एका प्रश्नाच्या उत्तरावर चालतो.

जुळी दोन प्रकारची, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. दोन वेगवेगळी बीजे फळली तर ती भावंडे एकमेकांना इतर कोणत्याही भावंडांइतकीच सारखी. त्यांच्या वारा दोन. एकच बीज फळून त्याचे दोन भाग झाले, तर दिसायला एकसारखी जुळी. शाळा येथे थांबते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. बीजाचे दोन भाग पहिल्या तीन दिवसांत झाले, तर दोघांना स्वतंत्र वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाले, तर वार एकच आणि पाण्याच्या पिशव्या मात्र दोन. त्याहून उशीर झाला तर पिशवीही एकच. आणि तेराव्या दिवसानंतर विभागणी झाली तर ती पुरी होतच नाही, बाळे अंगाने जोडलेली राहतात. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जोड्या एकाच वारेवर वाढतात. माद्रीचे नकुल-सहदेव जुळे होते, त्यांचे पिते अश्विनीकुमारही जुळे, आणि वर देवांचे वैद्य! पण त्यांची वार एक की दोन, हे महाभारतकार सांगत नाहीत.

वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळासाठी अन्न आणि प्राणवायू घेणारा अवयव. दोन बाळांना दोन वारा असतील तर दोन घरे, दोन चुली. वार एकच असेल तर चूल एक आणि खाणारी तोंडे दोन. शिवाय दोघांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. हे पडद्यावर ओळखावयाचे कसे? दोन पिशव्यांच्या मधला पडदा वारेला जेथे टेकतो, तेथे पाहावयाचे. वारा दोन असून एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर त्या सांध्यात पाचरीसारखा एक त्रिकोण शिरलेला दिसतो. ग्रीक लिपीतील लॅम्डा या अक्षरासारखा त्याचा आकार म्हणून डॉक्टर त्याला तेच नाव देतात. वार एक असेल, तर पातळसा पडदा सरळ काटकोनात येऊन टेकतो, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा. ही खूण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत स्वच्छ दिसते. पुढे दिवस भरत जातात तशी ती पाचर पुसट होत जाते आणि मग मोठमोठ्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगणे जड जाते. आम्ही तेराव्या आठवड्यात गेलो, हे आमचे नशीब.

डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “हा बघा, टी. वार एक आहे. आता सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी यायचं. कंटाळा करायचा नाही, ताई.” दोन वारांच्या जुळ्यांना, सारे ठीक असेल तर, साधारण महिन्याने पाहिले तरी चालते; एका वारेच्यांना पंधरा दिवसांनी.

आता यंत्राविषयी. माझा दादा ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात टाक्यांचे आणि नळांचे वेल्डिंगचे जोड तपासावयाचे काम करतो. वहिनीच्या पोटावर तो थंडगार लगदा चोपडून प्रोब ठेवला, तेव्हा तो माझ्या कानाशी पुटपुटला, “अगं, हे तर आमचंच यंत्र!” मला वाटले, याला सगळीकडे कारखानाच दिसतो. पण तो खरे बोलत होता. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रिया करून काढलेल्या गाठी मोटारीत घालून जवळच्या रेनफ्रू गावी बॉयलर तयार करणाऱ्या एका कारखान्यात नेल्या होत्या. पोलादातील भेगा शोधण्यासाठी तेथे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र होते. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवलेला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निरनिराळे येतात, हे त्या दिवशी दिसून आले. पुढे डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन नावाचा तरुण अभियंता या तिघांनी मिळून ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. त्यात गर्भाच्या डोक्याचे चित्र होते. तेव्हापासून हे यंत्र प्रसूतिगृहात आले ते आलेच.

तत्त्व अगदी साधे आहे. डोंगराकडे तोंड करून हाक मारावी आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून डोंगर किती लांब ते ठरवावे, तसे. मनुष्याच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. प्रोबमधील स्फटिक सेकंदाला पस्तीस ते पन्नास लाख वेळा कंप पावतो. हा ध्वनी शरीरातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर या वेगाने जातो. पृष्ठभागापासून ७.७ सेंटीमीटर आत असलेल्या हाडावर आपटून तो परत येतो, तेव्हा सेकंदाचा दहा हजारावा भाग उलटलेला असतो. यंत्र हा वेळ मोजते आणि त्या जागी एक ठिपका उमटविते. असे असंख्य ठिपके मिळून बाळाचे चित्र होते. लगदा लावण्याचे कारण एवढेच, की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरतच नाही. दादा कारखान्यात यासाठी तेल किंवा ग्रीस वापरतो.

चित्र दिसले म्हणजे वजन कळत नाही. पोटातल्या बाळाला काट्यावर ठेवता येत नाही. तेव्हा मापे घ्यावयाची आणि गणिताने वजनाचा अंदाज बांधावयाचा. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी ही चार मापे. ती ज्या सूत्रात घालतात, ते सूत्र बहुतेक ठिकाणी अमेरिकेतील ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी १९८५ साली दिलेले असते. या चारांत पोटाचा घेर सर्वांत बोलका. बाळाला अन्न कमी पडू लागले, की ते आधी यकृतातील साठा खर्च करते; यकृत बारीक होते आणि पोटाचा घेर वाढेनासा होतो. डोके मात्र बराच काळ नीट वाढत राहते, कारण टंचाईत रक्त आधी मेंदूकडे वळविले जाते. दुष्काळात घरातली बाई आपले पोट मारून लेकरांच्या ताटात वाढते, तसाच हा प्रकार. म्हणून डोके ठीक आणि पोट लहान असे बाळ दिसले, की तपासणारा सावध होतो.

येथे एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बाळ लहान आहे, म्हणजे कोणाच्या तुलनेने लहान? वाढीचे तक्ते ज्या मुलांवरून तयार झाले ती मुले बहुधा परदेशातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर त्याच वेळी इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे बारीक दिसतात, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नसते, असेही त्यांना आढळले. मग गोऱ्या बाळाच्या मापाने घणसोलीच्या बाळाला मोजले तर निकाल काय लागणार? चांगले धडधाकट बाळही ‘लहान’ ठरण्याचा संभव.

जुळ्यांच्या बाबतीत मात्र एक मोजपट्टी पोटातच असते. आई तीच, जेवण तेच, दिवस तेच. एका वारेच्या जुळ्यांत तर बीजही तेच. अशा वेळी एक भावंड वाढते आहे आणि दुसरे मागे पडते आहे, असे दिसले तर त्याचा दोष वंशाला देता येत नाही, आईच्या आहारालाही देता येत नाही. (हे वाक्य मी मुद्दाम लिहिले. आमच्या शेजारच्या दोन काकूंनी वहिनीला ‘तू खात नाहीस म्हणून’ असे तोंडावर सांगितले होते. एक बाळ छान वाढत असताना दुसऱ्याची उपासमार आईच्या जेवणामुळे कशी होईल, हे त्यांना कोण विचारणार!)

हिशोब असा. मोठ्या बाळाच्या वजनातून लहानाचे वजन वजा करावयाचे, उरलेल्या आकड्याला मोठ्याच्या वजनाने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे. ही शेकडा तफावत. वीसच्या आसपास आली की बारीक लक्ष ठेवावयाचे. पंचविसाच्या वर गेली आणि शिवाय लहान बाळ त्या आठवड्याच्या शंभर बाळांच्या चढत्या रांगेत पहिल्या दहांत असले, तर एकाच बाळाची वाढ खुंटली आहे असे धरतात. एका वारेच्या शंभर जोड्यांपैकी दहा-पंधरांत असे घडते.

विसाव्या आठवड्यात आमचे आकडे ३३० आणि २९० ग्रॅम होते, तफावत १२. चोविसाव्यात ६४० आणि ५३०, तफावत १७. सव्विसाव्यात ९०० आणि ६८०, तफावत २४. दादाने तेथेच मोबाईलवर भागाकार केला आणि त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एका आकड्यावर घाबरू नका. हा अंदाज आहे, काटा नव्हे.” त्यांचे म्हणणे असे, की या गणितात शेकडा दहा-पंधरांची चूक सहज होते. ९०० म्हटलेले बाळ ८१० चेही असू शकेल आणि ९९० चेही. दोघांच्या अंदाजांत उलट दिशांनी चूक झाली, तर नसलेली तफावत दिसेल किंवा असलेली लपून जाईल. म्हणून एका तपासणीपेक्षा तपासण्यांची ओळ महत्त्वाची. आणि ती दोन आठवड्यांहून जवळ घेण्यात अर्थ नाही, कारण तेवढ्या थोड्या दिवसांची वाढ ही चुकीच्या मर्यादेतच बुडून जाते. बारा, सतरा, चोवीस हे तिन्ही आकडे एकाच दिशेने चालले होते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ते १,१५० आणि ८५० झाले. तफावत २६. आता ‘अंदाज’ हा शब्द कोणी उच्चारला नाही.

हे होते का? वारेची वाटणी समसमान झाली नाही म्हणून. मोठ्या बाळाची नाळ वारेच्या मध्यावर रुजलेली होती. लहानाची अगदी कडेला. भावाभावांत जमीन वाटताना एकाला विहिरीजवळचा तुकडा मिळावा आणि दुसऱ्याला माळ, तसे. गंमत अशी, की आपण राहतो ते शहरसुद्धा मुंबईचे जुळे म्हणूनच कल्पिलेले होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची योजना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली. त्या जुळ्यांत कोणी कोणाचे पोषण किती ओढले, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सोडवावयाचा प्रश्न. असो.

मी आधी म्हटले, की एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. या जोडांचे वागणे दुतोंडी आहे. एरवी लहान बाळाला ते तारून नेतात. कमी पडलेले रक्त मोठे भावंड जणू उसने देत असते. पण लहान बाळाचे हृदय बंद पडले, तर त्याच जोडांतून मोठ्याचे रक्त क्षणार्धात तिकडे धावते. अशा वेळी मोठे बाळही दगावण्याचा धोका शेकडा पंधराच्या आसपास असतो, आणि वाचले तरी मेंदूला इजा होण्याचा धोका त्याहून अधिक. दोन वारांच्या जुळ्यांत ही भीती फारच कमी असते. एकाची वाढ खुंटली, तरी दुसऱ्याचे रक्त त्याच्यात अडकलेले नसते. डॉक्टर धीराने वाट पाहू शकतात. पहिल्या दिवशी विचारावयाचा प्रश्न ‘वार एक की दोन’ हाच का, ते मला अठ्ठाविसाव्या आठवड्यात समजले.

या जोडांतून आणखीही एक दुखणे उद्भवते आणि पुष्कळ जण त्याची आणि वजनाच्या तफावतीची गल्लत करतात. त्यात रक्त सतत एकाच दिशेने जात राहते. देणाऱ्या बाळाभोवतीचे पाणी आटते, घेणाऱ्याभोवती वाढत जाते. एकीकडे पाण्याची खोली दोन सेंटीमीटरच्या आत तर दुसरीकडे आठच्या वर, असे दिसले की निदान पक्के होऊ लागते. म्हणून दर तपासणीत वजनाबरोबर पाणीही मोजतात. त्यावर बारीक दुर्बीण पोटात घालून लेसरने ते जोड बंद करण्याचा उपाय निघाला आणि तो जुन्या उपायांपेक्षा सरस ठरतो, हे युरोपातील एका मोठ्या चाचणीने २००४ साली दाखविले. भारतातही मोजक्या केंद्रांत तो केला जातो. आमच्या बाबतीत दोन्हीकडचे पाणी ठीक होते. तेवढा तरी दिलासा.

मग पाहावयाचे राहिले ते नाळेतील रक्ताचे वाहणे. ठाणे स्टेशनावर न थांबता जाणाऱ्या मेलचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना पडेल ऐकू येतो, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. १८४२ साली ख्रिस्तियन डॉप्लर यांनी मांडलेले तत्त्व तेच. वाहत्या रक्तावर आपटून परत येणाऱ्या ध्वनीची पट्टी बदलते, आणि त्यावरून रक्त कोणीकडे आणि किती वेगाने चालले आहे ते कळते. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्येही नाळेतून वारेकडे रक्त वाहते राहिले पाहिजे. वार थकलेली असेल तर मधल्या वेळात ते थांबते. फारच थकली असेल तर उलटे फिरते. बार्सिलोनाचे एदुआर्द ग्राताकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावरून एका वारेच्या अशा जुळ्यांचे तीन प्रकार पाडले: प्रवाह अखंड असलेला पहिला, कायम थांबलेला किंवा उलटलेला दुसरा, आणि क्षणात थांबणारा क्षणात चालणारा तिसरा. पहिल्या प्रकारात बहुतेक बाळे तरतात. दुसऱ्यात लहान बाळाची प्रकृती ढासळत जाण्याची भीती मोठी. तिसरा मात्र फसवा. सगळे ठीक दिसत असताना अकस्मात घात होऊ शकतो. वहिनीच्या धाकट्या बाळाचा प्रवाह अखंड होता.

तरीही पेच संपत नाही. बाळंतपण लवकर केले, तर लहान बाळ उपाशी वारेतून सुटते, परंतु धडधाकट वाढणाऱ्या मोठ्याला विनाकारण अपुऱ्या दिवसांचे जन्माला घालावे लागते. त्याची फुप्फुसे कच्ची. थांबावे, तर मोठ्याला एकेक दिवस लाभाचा आणि लहानाला एकेक दिवस धोक्याचा. एकाचे हित म्हणजे दुसऱ्याचे नुकसान, आणि दोघेही आपलेच. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही उभयापत्ती शिकलो होतो. ती वहिनीच्या चेहऱ्यावर पाहिली तेव्हा कळली. दादाने एकदा विचारले, “डॉक्टर, तुमच्या घरचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?” त्या म्हणाल्या, “मी दर आठवड्याला नाळ बघितली असती आणि एकेक आठवडा मागून घेतला असता.” तसेच करावयाचे ठरले. वजन पंधरा दिवसांनी, नाळेचा प्रवाह दर आठवड्याला.

आता एक गोष्ट परदेशी पुस्तकात जशी असते तशी आपल्याकडे नसते, ती सांगितली पाहिजे. पुस्तकांत लिहिलेले असते, की जुळ्यांपैकी एक मुलगा आणि एक मुलगी दिसली तर वारा दोन, हे नक्की. तसेच दर वेळी तेच बाळ ‘पहिले’ म्हणून मोजले जावे, आकड्यांची अदलाबदल होऊ नये, यासाठीही तेथे लिंगाची नोंद उपयोगी पडते. महाराष्ट्रात आणि भारतात हा मार्ग बंद आहे. आणि तो बंद का करावा लागला, हे आपण जाणतो. गर्भलिंग तपासण्यांविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. २००३ साली तो अधिक कडक झाला. तरी १९९१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ वर आल्या. जे यंत्र एका खुंटलेल्या बाळाला वाचवू शकते, त्याच यंत्राने ही घट घडविली. म्हणून आज प्रत्येक यंत्राची नोंदणी असते, भिंतीवर फलक असतो, आणि दर सोनोग्राफीला ‘एफ’ नमुना भरून गर्भवतीची सही घेतात, की मला लिंग जाणून घ्यावयाचे नाही. वहिनीने अशा सह्या किती केल्या, त्याची गणती नाही.

मग आपल्याकडे बाळे ओळखतात ती जागेवरून. एक आईच्या उजवीकडे खाली, त्याची नाळ वारेच्या मध्यावर. दुसरे डावीकडे वर, नाळ कडेला. पहिल्या तपासणीत हे लिहून ठेवावयाचे आणि पुढे प्रत्येक अहवालात तसेच पाळावयाचे. हे नीट लिहिलेले नसेल तर एका महिन्याचे मोठे दुसऱ्या महिन्यात लहान होते आणि वाढीची सगळी ओळ निरर्थक ठरते. आमच्या घरी त्यांची नावेच पडली, ‘खालचं’ आणि ‘वरचं’. वरचं म्हणजे लहान. एका नातेवाईकांनी दादाला बाजूला घेऊन विचारले, “इतक्या वेळा जाता, तिथं ओळख काढून विचारत का नाही?” दादा म्हणाला, “विचारतो ना, दर वेळी. वरचं किती ग्रॅम झालं ते.”

चौतिसाव्या आठवड्यात वरच्याची वाढ जवळजवळ थांबली. प्रवाह अजून ठीक होता. पण आता आणखी मागून घेण्यासारखे फारसे उरले नव्हते. फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून वहिनीला इंजेक्शने दिली आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रिया करून बाळंतपण केले. वार एक, म्हणजे दोघे मुलगे किंवा दोघी मुली, एवढे आम्हांला माहीत होतेच. दोघी मुली झाल्या. २,०५० ग्रॅमची आणि १,४८० ग्रॅमची. तफावत २८. पोटातला अंदाज आणि काटा यांत फारसा फरक निघाला नाही. डॉक्टरांनी वार ताटात उलटी करून दाखविली, तेव्हा धाकटीच्या वाट्याला जेमतेम पाव भाग आला होता, हे मलाही दिसले. ज्या नातेवाईकांनी ओळख काढायला सांगितले होते, ते पेढा घेऊन लवकर निघून गेले. आजीने मात्र दोन पाळणे मागवून ठेवले होते.

मोठी चार दिवसांत आईजवळ आली. धाकटी एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. तिचे वजन रोज सकाळी मोजत आणि दादा ते वहीत लिहून घेई. वहिनी आणि तो आळीपाळीने तिला उघड्या छातीशी कांगारूसारखे बांधून बसत. कारखान्यातून आलेला माणूस साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन दोन दोन तास हलत नसे.

परवा दोघींना नवव्या महिन्याच्या लसीसाठी नेले होते. नर्सबाईंनी वजने सांगितली: थोरली सात किलो आठशे, धाकटी सात किलो शंभर. दादाने रांगेतच मोबाईल काढला आणि भागाकार केला. “नऊ,” तो म्हणाला. नर्सबाईंना काही उमजले नाही. त्यांनी पुढच्या बाळाला हाक मारली.